टाकी भरलेली, गाडी उपाशी

गाडीतलं पेट्रोल संपणं हा सरळ मामला आहे. काटा खाली टेकतो, आपण पंपावर जातो, टाकी भरतो आणि निघतो. खरा छळ होतो तो दुसऱ्या अवस्थेत. टाकीत पेट्रोल डचमळत असतं, प्लग ठिणगी देत असतात, आणि तरीही इंजिनापर्यंत हवं तेवढं पेट्रोल पोचत नाही. गाडी उपाशी राहते. तेही कायम नाही. सपाट रस्त्यावर तासभर गुणी वागते आणि नेमकी चढावर, मागे ट्रक लागलेला असताना, हात टेकते. आपल्याकडच्या गॅरेजात अशा गाडीला ‘कचरा आलाय’ म्हणतात आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण कचरा नेमका कुठे आलाय, आणि कचरा नसेल तर काय आहे, हे टप्प्याटप्प्याने हुडकून काढण्यात मला विलक्षण गोडी वाटते.

माझी गाडी १९७० सालची एमजीबी रोडस्टर. दोन माणसांची, कापडी टपाची, गडद हिरवी. एमजीचा अष्टकोनी बिल्ला आता भारतात हेक्टरमुळे सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे, पण त्याचं मूळ ऑक्सफर्डमधल्या मॉरिस गॅरेजेसमध्ये आहे. तिथल्या सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या, हलक्या बॉडी चढवून विकायला सुरुवात केली, त्यातून ही जात जन्मली. पुढे कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गावी गेला आणि १९८० साली बंद होईपर्यंत तिथेच राहिला. एमजीबी १९६२ ते १९८० अशी सलग अठरा वर्षं तिथे बनली, पाच लाखांहून जास्त. इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, मुळात घरगुती सेडान गाड्यांसाठी घडवलेलं. त्यावर दोन एसयू कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून ते इंजिनाला देणारी यंत्रं. मी ऑक्सफर्डशायरमध्येच राहते, त्यामुळे ही गाडी जिथे जन्मली त्या गावावरून भाजी आणायला जाताना मला दरवेळी बरं वाटतं.

एसयू म्हणजे स्किनर युनियन. बूट-चपलांच्या धंद्यातल्या स्किनर घराण्यातल्या भावांनी हा कार्बोरेटर काढला आणि सुरुवातीच्या नमुन्यांत हवेच्या दाबानुसार वरखाली होणारा भाग चक्क चामड्याच्या भात्याचा होता. चामडं त्यांच्या घरचंच! पुढे १९२६ साली मॉरिस गॅरेजेसचे मालक विल्यम मॉरिस यांनी ही कंपनी विकत घेतली, म्हणून एमजीच्या पोटात पिढ्यान्‌पिढ्या एसयूच बसत राहिले. पेट्रोल पंपही एसयूचाच, आणि तो विजेवर चालणारा. या लेखात त्याला मोठं काम आहे.

ऑक्सफर्डहून लंडनकडे जाणारा एम-४० महामार्ग चिल्टर्न टेकड्या चढतो तिथे रस्त्यासाठी डोंगर उभा कापलेला आहे. दोन्ही बाजूंना पांढऱ्या खडूच्या भिंती, वर आभाळात तांबड्या घारी. एकेकाळी इंग्लंडमधून पार नाहीशा झालेल्या या घारी १९८९पासून स्पेनहून आणून इथे पुन्हा सोडल्या, आता ढिगाने दिसतात. त्या बघायला मान वर करावी इतका तो चढ लांबलचक आहे, आणि त्याच चढावर माझ्या गाडीचा जीव जाऊ लागला. पायथ्याशी जोर असायचा. अर्ध्यावर आली की आधी बारीक झटके, मग कार्बोरेटरमधून उलट्या शिंका, मग ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी वेग उतरत जायचा. कडेला घेऊन थोडा वेळ उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी सुरू व्हायची. गावात, बाजारात, कुठेही तक्रार नाही.

कार्बोरेटर दिसला की हात लगेच तिकडे जातो. पण आधी ठरवायचं असतं, की रोग पेट्रोलचा आहे की ठिणगीचा. ठिणगी घडवणाऱ्या पॉइंट, कंडेन्सर, कॉइल यांपैकी कुणीही गरम होऊन रुसलं तरी गाडी अशीच वागते आणि थंड झाली की सुधारते. एमजीबीत याचा एक सुंदर साक्षीदार समोरच बसवलेला आहे: आरपीएमचा काटा. तो कॉइलच्या करंटवर चालतो. ठिणगीची वीज तुटली तर गाडी वेगात असतानाही काटा धाडकन खाली पडतो किंवा वेड्यासारखा नाचतो. पेट्रोल कमी पडलं तर तो इंजिनाबरोबर गुमान उतरत जातो. माझा काटा गुमान उतरत होता. दुसरी परीक्षा चोकची. एसयूचा चोक जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक नळी, खाली ओढतो आणि मिश्रणात पेट्रोल वाढवतो. झटके सुरू होताच चोक थोडा ओढला, तर क्षणभर गाडीत जीव आला आणि पुन्हा गेला. म्हणजे मिश्रण पातळ होत होतं आणि कार्बोरेटरच्या फ्लोटच्या कुंड्या, म्हणजे पेट्रोलचा थोडा साठा ठेवणारी भांडी, रिकाम्या होत चालल्या होत्या. भुकेचीच लक्षणं.

आता हिशोब. या इंजिनाने पूर्ण ताकद लावली तर ते तासाला साधारण तीस लिटर पेट्रोल पितं. एसयूचा धडधाकट पंप मिनिटाला साधारण एक लिटर देतो, म्हणजे तासाला साठ. गरजेच्या दुप्पट. कुंड्यांमधला साठा मात्र जेमतेम असतो. पंपाने पाठ फिरवली तर पूर्ण जोरावर तो मिनिटभरही पुरत नाही. या आकड्यांवरून मला एक गोष्ट कळली, आणि तिथून पुढचा सगळा तपास सोपा झाला: थोडंसं काही अडलं असतं तर गाडीला पत्ताही लागला नसता. दुप्पट क्षमतेचा पुरवठा अर्ध्याहून खाली आणणारा अडथळा मोठाच असणार, आणि मोठी गोष्ट शोधता येते.

या टप्प्यावर इथले बहुतेक लोक एकच सल्ला देतात: जुना एसयू पंप काढून टाक, नवा इलेक्ट्रॉनिक बसव. मला हा सल्ला पटत नाही. पंप बदलल्याने गाडी सुधारली तरी रोग कळत नाही, आणि नाही सुधारली तर आपण एक चांगली वस्तू भंगारात घालून एक अनोळखी वस्तू गाडीत आणलेली असते. शिवाय जुन्या पंपाला वाचा आहे. किल्ली फिरवली की मागच्या चाकाच्या बाजूने टकटकटक असा आवाज येतो, कुंड्या भरल्या की थांबतो, मग गाडी चालेल तसा अधूनमधून एखादा टोला. नव्या पंपांची एकसुरी घरघर काहीच सांगत नाही.

हा पंप चालतो कसा ते इथे सांगायलाच हवं, कारण निदान त्यातच दडलेलं होतं. आत रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम. वीज मिळाली की पंपातली कॉइल त्या पडद्याला मागे ओढते आणि टाकीतून पेट्रोल खेचलं जातं. ओढ पुरी झाली की एक खटका पंपातले पॉइंट, म्हणजे विजेचे संपर्क, उघडतो, वीज तुटते, आणि मग स्प्रिंग पडद्याला पुढे ढकलून पेट्रोल कार्बोरेटरकडे पाठवते. ढकलून झालं की पॉइंट पुन्हा मिटतात. ओढणं विजेचं काम, ढकलणं स्प्रिंगचं. पुढे कुंड्या भरलेल्या असतील तर स्प्रिंग ढकलू शकत नाही, पॉइंट उघडेच राहतात, पंप निवांत गप्प बसतो. हे ज्यांनी योजलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. दाब मोजायला वेगळं यंत्र नाही, बंद करायला वेगळं बटण नाही. स्प्रिंगच सगळं बघते.

पंपाकडे जाण्याआधी टाकीच्या झाकणाची शंका फेडायची होती. गोडेतेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो, एक तेलाला आणि एक हवेला. दुसरं पाडलं नाही तर धार थबकत थबकत पडते. गाडीच्या टाकीचंही तसंच. ब्रिटनमध्ये विकलेल्या एमजीबीच्या झाकणातच हवेची वाट असते. अमेरिकेत गेलेल्या १९७०च्या दशकातल्या गाड्यांना मात्र प्रदूषणाच्या नियमांमुळे बंद झाकण आणि हवेसाठी वेगळी नळी. दोन्ही झाकणं दिसायला जवळजवळ सारखी, त्यामुळे इकडचं तिकडे बसलं की टाकीत पोकळी तयार होते आणि लांबच्या प्रवासात गाडी गुदमरते. त्याची खूण म्हणजे गाडी थांबल्याबरोबर झाकण उघडलं की सूऽऽ करून हवा आत जाते. मी चढावर कडेला थांबून उघडून बघितलं. काहीच आवाज नाही. झाकण निर्दोष.

मग धारेची परीक्षा. इंजिन थंड, गाडी उघड्यावर, अग्निशामक हाताशी. ठिणगीच्या कॉइलची वायर काढून ठेवायची, नाहीतर इंजिन बंद आणि किल्ली चालू अशा स्थितीत कॉइल तापून खराब होऊ शकते. कार्बोरेटरकडे येणारी नळी काढून ती पेट्रोलच्या कॅनमध्ये सोडली आणि किल्ली फिरवली. सुरुवातीला धार दणदणीत. बुडबुडे नाहीत, म्हणजे वाटेत कुठे एअर घेत नाही. मग हळूहळू टकटक मंदावली, धार बारीक झाली आणि शेवटी नुसती ठिबकू लागली. नळीचं टोक तर मोकळं होतं, पुढे काही अडवायला नव्हतंच. मीटर लावून पंपाच्या टोकावरची व्होल्टेज बघितली, अर्थचा नट घट्ट आहे ना पाहिलं. वीज व्यवस्थित पोचत होती.

त्या संध्याकाळी पुण्याला फोन केला. बाबांकडे वीस-बावीस वर्षं प्रीमियर पद्मिनी होती आणि उन्हाळ्यात खंडाळ्याचा घाट तिने कधी सुखाने चढला नाही. पद्मिनीचा पंप इंजिनाला चिकटलेला, इंजिनाच्या धक्क्यांवर चालणारा. आपले मेस्त्री त्याला एसी पंप म्हणत, एसी हे कंपनीचं नाव. घाटात तो तापायचा, आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप ती वाफच दाबत बसायचा. मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं. अमृतांजन पुलाच्या अलीकडे अशा कितीतरी टॅक्स्या फडकी लावून उभ्या असायच्या, आणि आम्ही मुलं कठड्यावर बसून त्या मोजायचो.

सगळं ऐकून घेऊन बाबांनी विचारलं, “अगं, पण पंपाला हात लावून बघितलास का?”

“बाबा, हा इंजिनापासून लांब आहे. मागच्या चाकापाशी. तो कशाला तापेल?”

“तू लाव तर खरं. गरम असला तर का गरम आहे ते शोध.”

दुसऱ्या दिवशी मागची बाजू उचलून गाडी ॲक्सल स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरू नये, कितीही घाई असली तरी. पुन्हा तीच धारेची परीक्षा. धार आटली तेव्हा खाली सरकून पंपावर हात ठेवला. सायलेन्सर गार, आजूबाजूचा पत्रा गार. पंप चांगला गरम होता.

मघाशी लिहिलेलं कामकाज इथे उपयोगी पडलं. ओढायला वीज, ढकलायला स्प्रिंग. अडथळा पुढच्या बाजूला, कार्बोरेटरकडे असता, तर स्प्रिंग अडून बसली असती, पॉइंट उघडे राहिले असते, वीज तुटलेली असती आणि पंप गार राहिला असता. पंप गरम आहे याचा अर्थ वीज सुरूच आहे, कॉइल ओढतेच आहे आणि ओढ पुरी होत नाही. म्हणजे अडथळा पंपाच्या मागे, टाकी आणि पंप यांच्यामधल्या हातभर वाटेत. पुढचे कार्बोरेटर, निडल, फ्लोट, लांबलचक पाइप, सगळे एका स्पर्शात निर्दोष सुटले. बाबांच्या पद्मिनीत गरम पंप हे कारण होतं, इथे तो परिणाम होता. हात मात्र तोच लावायचा होता. खाली पडल्या पडल्या मी इतकी खूष झाले की फोन करून पुण्याची झोपमोड केली.

त्या हातभर वाटेत संशयित दोनच. एक, टाकीतल्या तोंडावरची बारीक जाळी. जुन्या टाकीच्या तळाशी गंजाचे पापुद्रे असतात. ते ओढीने जाळीला चिकटतात, गाडी थांबली की गळून पडतात, म्हणून पुन्हा सुरू होते. लक्षणं तंतोतंत जुळत होती. दोन, रबरी नळीचा एक तुकडा. गाडीच्या आधीच्या कुण्या मालकाने मूळ लोखंडी पाइप गंजल्यावर तो भाग कापून मध्ये रबरी नळी क्लिप लावून बसवलेली होती. बाहेरून नळी काळी, टणक, भेग नाही, कुठे ओल नाही.

टाकी उतरवण्यापेक्षा नळी काढणं सोपं, म्हणून ती आधी. पंपाच्या बाजूने फुंकर मारली तर हवा सहज टाकीकडे गेली. मग नळी काढली, टाकीकडचं टोक तोंडाशी धरलं आणि पेट्रोलच्या दिशेने फुंकलं. पहिल्यांदा गेली. जोर केला तर अडली. टोकदार सुरीने नळी उभी चिरली. आतलं अस्तर मूळ रबरापासून सुटून त्याची एक जीभ लोंबत होती, तिचं मोकळं टोक टाकीकडे. हळू ओढलं की पेट्रोल तिच्या कडेने जायचं. जोराने ओढलं की जीभ उचलून वाटेत आडवी यायची. गाडी बंद केली की मऊ होऊन पुन्हा भिंतीला टेकायची. गावातल्या चालीला पुरेल इतकं पेट्रोल ती सोडत होती, चिल्टर्नच्या चढाला पुरेल इतकं नाही. जास्त जोराचा नवा पंप बसवला असता तर त्याने हीच जीभ आणखी घट्ट ओढून धरली असती.

रबर असं आतून का सुटतं? ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साधं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल ई-१० झालं, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या गाड्यांसाठी महागडं सुपर पेट्रोल घ्या, त्यात इथेनॉल पाच टक्क्यांपर्यंतच असतं, असं सरकारच सांगतं. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबरात शिरतं, त्याला फुगवतं, मऊ करतं, वाळलं की कडक करतं आणि तडकवतं. शिवाय ते हवेतलं पाणी शोषतं, आणि गाडी हिवाळाभर गॅरेजात उभी राहिली की तेच पाणी टाकीच्या पत्र्याला गंज चढवतं. म्हणजे माझे दोन्ही संशयित एकाच टोळीतले होते. रबर किती जुनं होतं कुणास ठाऊक, त्यामुळे सगळं खापर इथेनॉलवर फोडणार नाही. वय हेही कारण असतंच. पण चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना इथे २०१८पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. गाडीखाली शिरून नळ्या बघणारं दुसरं कुणी उरलेलंच नाही. मालकाने बघितलं नाही तर कुणीच बघत नाही, आणि पेट्रोलची नळी फुटली तर गाडी नुसती बंद पडत नाही, पेटते.

मी मधला रबरी तुकडा काढून पूर्ण लांबीचा नवा धातूचा पाइप घातला. पुढे कार्बोरेटरपाशी रबर लागतंच, तिथे जे-३० आर-९ छापलेली नळी लावली. या प्रकाराच्या आतल्या थराला इथेनॉल सहन होतं. आर-६ वगैरे जुने प्रकार अजून सर्रास विकले जातात आणि दिसायला हुबेहूब तसेच असतात, म्हणून नळीवरची अक्षरं वाचूनच घ्यावी. क्लिपही साध्या खाचांच्या नको, त्या रबर कापतात. गुळगुळीत पट्टीच्या घ्याव्यात. टाकी उतरवून बघितली तर जाळीवर थोडा गंज होताच, तोही धुतला. पंपाचे पॉइंट मात्र इतके दिवस गरम होऊन काळवंडले होते, ते बदलले. धारेची परीक्षा पुन्हा घेतली: मिनिटाला लिटरभर, शेवटपर्यंत एका लयीत, आणि पंप हाताला गार.

हे सगळं मराठीत लिहायचं एक कारण आहे. भारतात आता पंपावर ई-२० मिळतं, इथल्या साध्या पेट्रोलपेक्षा दुप्पट इथेनॉल. कोल्हापूर-सांगलीकडे अजून किती येझ्दी, बुलेट आणि पद्मिनी जिवापाड जपलेल्या आहेत ते मला ठाऊक आहे. त्यांच्या नळ्या त्या काळच्या पेट्रोलसाठी बनलेल्या. माझ्या मावसभावाची येझ्दी पन्हाळा चढताना मध्येच मरते आणि पायथ्याशी येऊन सुरू होते, असं तो सांगत होता. कार्बोरेटर त्याने खोलून साफ केलाय, जेट बदललंय. येझ्दीला पंपच नाही, पेट्रोल टाकीतून वजनाने खाली येतं, म्हणून त्याच्याकडे गरम-गारची परीक्षा नाही. त्याला सांगितलं आहे: आधी टाकीचं झाकण सैल करून घाट चढून बघ. सुधारली तर झाकणाचं भोक साफ कर. नाही सुधारली तर टाकीखालच्या कॉकपासून कार्बोरेटरपर्यंतची नळी काढ, दोन्ही दिशांनी फुंक, आणि जुनी असली तर उभी चिरून आत बघ. नवी नळी घेताना जी आतून इथेनॉलला टिकते तीच घे, आणि कॉकच्या आतली जाळी त्याच वेळी धुऊन टाक.